पैठणीच्या संकेतस्थळावरील छायाचित्रे: वेगही हवा आणि रंगही हवा, तर कोणता फॉरमॅट निवडावा?

प्रश्न: पदरकाठ

नमस्कार. येवल्यातील काही विणकर कुटुंबांच्या हातमागावरील पैठण्या आम्ही वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर उभारलेल्या संकेतस्थळावरून विकतो. प्रत्येक साडीची पाच-सहा छायाचित्रे असतात. त्यांत पूर्ण साडी, पदर, काठ आणि बुट्टी यांबरोबर उलट्या बाजूचेही एक छायाचित्र असते, कारण हातमागावरची पैठणी ओळखायची तर ग्राहकाला मागची बाजू दाखवावीच लागते. छायाचित्रकार आम्हाला ६००० × ४००० पिक्सेलच्या जेपीईजी फाइली देतात. पदराची जवळून घेतलेली छायाचित्रे मात्र डिझायनरकडून पीएनजीमध्ये येतात, कारण पीएनजीत दर्जा अजिबात कमी होत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

आमचे बहुतेक ग्राहक मोबाइलवरूनच साड्या पाहतात. त्यांपैकी पुष्कळजण बीड, परभणी, जालना या भागांतले आहेत आणि तिथे नेटवर्कचा वेग दिवसभर एकसारखा नसतो. काही मराठी कुटुंबे अमेरिकेतून आणि दुबईतूनही खरेदी करतात. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासण्याच्या साधनावर पाहिले असता मोबाइलचा एलसीपी (पानावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागणारा वेळ) लाल पट्ट्यात दिसतो आणि छायाचित्रांसाठी आधुनिक फॉरमॅट वापरावेत, अशी सूचना येते.

वेबपी आणि एव्हीआयएफ या नव्या फॉरमॅटपैकी कोणता घ्यावा, आणि एखादे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) बसवून सर्व जुन्या छायाचित्रांचे सरसकट रूपांतर करणे योग्य ठरेल का, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरी काळजी रंगाची आहे. राणी, मोरपंखी, वांगी अशा रंगांत बारीकसा फरक पडला तरी ग्राहकाच्या ते लक्षात येते, आणि “फोटोत रंग वेगळा होता” म्हणून परत आलेली साडी आम्हाला फार महाग पडते. वेगासाठी रंगाचा बळी द्यावा लागू नये, एवढीच इच्छा आहे.

उत्तर: वेगमापक

नमस्कार. फॉरमॅटकडे वळण्यापूर्वी पिक्सेलचा हिशेब मांडू या, कारण तुमच्या वर्णनावरून मोठा भार तिथेच आहे, असे दिसते. ६००० × ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. आपल्याकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनच्या पडद्याची रुंदी प्रत्यक्षात ७२० किंवा १०८० पिक्सेल असते. तेच छायाचित्र १०८० × ७२० या मापात दिले, तर ७ लाख ७७ हजार ६०० पिक्सेल होतात, म्हणजे मूळच्या सुमारे एकतिसावा हिस्सा. याच्या शेजारी फॉरमॅटची बचत ठेवून पाहा: गूगलने स्वतः केलेल्या तुलनेनुसार, सारख्या दर्जाचे छायाचित्र वेबपीमध्ये जेपीईजीपेक्षा २५ ते ३४ टक्क्यांनी लहान होते. ही बचत घ्यायलाच हवी, पण ती माप कमी केल्यानंतर घ्यायची आहे. सहा हजार पिक्सेल रुंदीची फाइल नुसती वेबपी करून ठेवली, तर पेजस्पीडची एक सूचना नाहीशी होईल आणि परभणीतला ग्राहक मात्र तसाच वाट पाहत राहील.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. फाइल डिस्कवर कितीही लहान असली, तरी ती पडद्यावर दाखवण्यासाठी उलगडावी लागते आणि त्या वेळी प्रत्येक पिक्सेलला साधारण चार बाइट स्मृती लागते. म्हणजे मूळ मापातले एक छायाचित्र पूर्ण उलगडले, तर ९६ एमबी जागा घेते, मग ते जेपीईजी असो, वेबपी असो वा एव्हीआयएफ. अशी सहा छायाचित्रे एका पानावर असली, की कमी रॅमचा फोन अडखळतो आणि दोष मात्र नेटवर्कच्या माथी मारला जातो.

वर्डप्रेसमध्ये यासाठीची यंत्रणा आधीपासून आहे. २०१५ मधल्या ४.४ आवृत्तीपासून प्रत्येक छायाचित्राच्या लहान-मोठ्या प्रती सोर्ससेटमधून, म्हणजे इमेज टॅगमधल्या प्रतींच्या यादीतून, ब्राउझरपुढे ठेवल्या जातात आणि ब्राउझर आपल्या पडद्याला साजेशी प्रत उचलतो. २०१९ मधल्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठे छायाचित्र चढवले, तर त्याची त्या मर्यादेत बसणारी प्रत तयार करून तीच वापरली जाते. मात्र पीएनजीला ही मर्यादा लावली गेली नव्हती. त्यामुळे तुमच्या पदराच्या पीएनजी फाइली कदाचित मूळ आकारातच ग्राहकापर्यंत जात असतील. सर्वप्रथम त्या तपासा.

तुमच्या डिझायनरचे म्हणणे शब्दशः खरे आहे. पीएनजीत काहीच गमावले जात नाही. परंतु रेशमाच्या छायाचित्रात शेजारशेजारच्या दोन पिक्सेलचे मूल्य क्वचितच सारखे असते, कारण कापडाचा पोत, जरीवरची चमक आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरमधला बारीक गोंगाट हे सर्व त्यात मिसळलेले असते. सलग रंगाचे पट्टे, आलेख, पडद्याची चित्रे अशा ठिकाणी पीएनजीची पद्धत उत्तम चालते. छायाचित्रात मात्र तिला आवळण्यासारखे फारसे काही सापडत नाही आणि फाइल त्याच मापाच्या चांगल्या जेपीईजीच्या कित्येक पट होते. पीएनजी ही डिझायनरच्या संगणकावरची कामाची प्रत म्हणून राहू द्या. ती ग्राहकाला पाठवण्याचे काही कारण नाही.

सोर्ससेटबरोबर सायझेस नावाचा गुणधर्म असतो आणि बहुतेक संकेतस्थळांत घोटाळा तिथे होतो. छायाचित्र पडद्यावर किती रुंद दिसणार, हे ब्राउझरला त्यातून कळते. तुमच्या यादीच्या पानावर मोबाइलवर दोन साड्या शेजारी-शेजारी दिसत असतील आणि सायझेसमध्ये मात्र छायाचित्र पूर्ण रुंदीचे असल्याचे लिहिलेले असेल, तर फोन दुप्पट रुंदीची, म्हणजे चौपट पिक्सेलची प्रत उतरवून घेतो. पानाची मांडणी कशी आहे, हे वर्डप्रेसला आपोआप कळत नाही. थीमने ते सांगावे लागते. ६.७ आवृत्तीपासून, जी छायाचित्रे खाली सरकल्यावर उतरतात त्यांच्यासाठी ब्राउझरनेच हे माप ठरवावे, अशी सोय झाली आहे. तरीही वरच्या छायाचित्रांसाठी थीममधले मूल्य स्वतः पाहून घ्यावे.

आता एलसीपी. पानावरचा सर्वांत मोठा दृश्य घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि निदान ७५ टक्के भेटींत तसे घडावे, असा हा निकष आहे. तुमच्या मुखपृष्ठावर हा घटक बहुधा सरकत्या चित्रांच्या पट्टीतले पहिले छायाचित्र असेल. ते सीएसएसमध्ये (पानाची सजावट ठरवणाऱ्या फाइलीत) पार्श्वभूमी म्हणून लावलेले असेल, तर ब्राउझरला त्याचा पत्ता फार उशिरा लागतो. एचटीएमएल वाचता वाचताच ब्राउझर पुढे लागणाऱ्या फाइली हेरून मागवत असतो, परंतु सीएसएसमध्ये दडलेले छायाचित्र त्या नजरेत येत नाही. सीएसएस उतरून, मांडणीचा हिशेब झाल्यावर त्याची मागणी जाते. म्हणून ते छायाचित्र साध्या इमेज टॅगने द्या, त्याला फेचप्रायॉरिटी हाय (हे आधी मागव, अशी ब्राउझरला सूचना) लावा आणि त्यावर लेझी लोडिंग (छायाचित्र पडद्याजवळ आल्यावरच मागवणे) मुळीच ठेवू नका. लेझी लोडिंग पडद्याखालच्या छायाचित्रांसाठी आहे. वेग वाढवतो म्हणून सर्वच छायाचित्रांना ते लावणारी प्लगइन पाहण्यात येतात आणि त्यांच्यामुळे नेमके पहिले छायाचित्रच मागे पडते. माझ्या मते, मुखपृष्ठावर सरकती पट्टी काढून एकच उत्तम पदर दाखवावा. पट्टीतले चौथे-पाचवे छायाचित्र किती ग्राहक पाहतात, याची शंका आहे, आणि भार मात्र प्रत्येकाला सोसावा लागतो.

प्रत्येक छायाचित्राला रुंदी आणि उंची लिहिलेली आहे ना, तेवढे पाहा. ती नसेल, तर छायाचित्र उतरताच खालचा मजकूर सरकतो आणि ग्राहकाचे बोट भलत्याच बटणावर पडते.

उत्तर: कॅमेरा आणि कापड

वेगमापक यांनी मापाचा मुद्दा नीट मांडला आहे. मी वस्त्रांचे छायाचित्रण करतो, त्यामुळे रंगाबद्दल सविस्तर लिहितो, कारण पैठणीसारख्या कापडात फॉरमॅटची निवड खरोखर महत्त्वाची ठरते आणि सर्वसाधारण सल्ला इथे पुरा पडत नाही.

माणसाचा डोळा उजेड-अंधारातला फरक बारकाईने टिपतो, पण रंगातला फरक तितक्या बारकाईने टिपत नाही. या गोष्टीचा फायदा घेऊन बहुतेक फॉरमॅट प्रकाशाची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची माहिती आडवी व उभी निम्मी करतात. यालाच ४:२:० म्हणतात. त्यात दोन बाय दोन, म्हणजे चार पिक्सेलच्या गटाला रंगाचे एकच मूल्य मिळते. निसर्गदृश्यात किंवा चेहऱ्यात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु राणी रंगाच्या अंगावर हिरवा काठ आणि त्यात एक-दोन पिक्सेल जाडीची जरीची रेघ, अशी जागा डोळ्यांपुढे आणा. तिथे सोनेरी, गुलाबी आणि हिरवा हे तिन्ही रंग एकमेकांत मिसळतात, जर मळकी दिसू लागते आणि पदरावरच्या मुनियांच्या कडा पुसट होतात. धूपछाँव साडीत तर उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे जवळून घेतलेल्या छायाचित्रात कापडाचे सारे वैशिष्ट्य रंगाच्या या बारीक बदलातच असते.

वेबपीचा लॉसी प्रकार, म्हणजे थोडी माहिती गाळून फाइल लहान करणारा प्रकार, नेहमीच ४:२:० मध्ये असतो; त्याला पर्याय नाही. दर्जाचा आकडा ९५ वर नेला, तरी रंगाची निम्मी केलेली माहिती परत येत नाही. रूपांतर करताना शार्प यूव्ही हा पर्याय निवडला, तर कडा बऱ्याच सुधारतात आणि तो तुम्ही जरूर वापरावा. जेपीईजी आणि एव्हीआयएफ या दोन्हींत मात्र ४:४:४, म्हणजे रंगाची पूर्ण माहिती ठेवण्याची सोय आहे. म्हणून माझा सल्ला असा आहे की, संपूर्ण साडीचे छायाचित्र आणि यादीतली लहान छायाचित्रे ४:२:० मध्ये खुशाल द्यावीत, पण पदर, काठ आणि बुट्टी यांची जवळून घेतलेली छायाचित्रे एव्हीआयएफ ४:४:४ मध्ये द्यावीत आणि ज्या ब्राउझरला ते चालत नाही त्याच्यासाठी जेपीईजी ४:४:४ ठेवावे.

एव्हीआयएफलाही एक मर्यादा आहे आणि कापड विकणाऱ्याने ती ओळखून असावे. दर्जाचा आकडा फार खाली नेला, तर जेपीईजीमध्ये चौकोनी ठिपके दिसतात, तसे एव्हीआयएफमध्ये दिसत नाहीत. चित्र स्वच्छच दिसते, पण त्यातला पोत गुळगुळीत होतो. रेशमाची वीण नाहीशी होऊन कापड प्लॅस्टिकसारखे भासू लागते. चित्र बिघडल्याचे पटकन ध्यानात येत नसल्यामुळे हा दोष अधिक फसवा आहे. शिवाय, जेपीईजीचा ६० आणि एव्हीआयएफचा ६० हे आकडे एकाच मोजपट्टीवरचे नाहीत, म्हणून एकासाठी ठरवलेला आकडा दुसऱ्यासाठी तसाच वापरू नये.

स्क्वूश या गूगलच्या मोफत साधनात मूळ आणि रूपांतरित चित्र शेजारी-शेजारी ठेवून मधली रेघ सरकवत तुलना करता येते, आणि फाइल तुमच्याच ब्राउझरमध्ये प्रक्रिया होत असल्याने ती कुठे पाठवलीही जात नाही. तुमच्याकडची सर्वांत अवघड साडी निवडा: गडद अंग, विरोधी रंगाचा काठ आणि भरगच्च पदर. तिच्यावर आकडा हळूहळू खाली आणा आणि ज्या ठिकाणी बुट्टीच्या कडेची जर विरघळू लागते, त्याच्या थोडे वर थांबा. हाच आकडा तुमच्या जवळच्या छायाचित्रांचा आकडा. तुलना ग्राहकाला दिसणाऱ्या मापातच करा. चारशे टक्के मोठे करून पाहिले, तर प्रत्येक फॉरमॅट वाईटच दिसतो.

रंग वेगळा दिसण्याचे कारण मात्र बऱ्याचदा फॉरमॅट नसतेच. छायाचित्रात रंगाची एक प्रोफाइल, म्हणजे रंगांचे आकडे कसे वाचायचे हे सांगणारी नोंद, असते. कॅमेरा अॅडोबी आरजीबीवर ठेवलेला असतो, किंवा छायाचित्र डिस्प्ले पी-३ मध्ये नोंदवणाऱ्या आयफोनवरून घेतलेले असते. फाइल हलकी करण्यासाठी प्लगइन जेव्हा सर्व जादा माहिती काढून टाकते, तेव्हा तिच्याबरोबर ही प्रोफाइलही जाते. मग ब्राउझर तेच आकडे एसआरजीबीचे, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीचे, समजून वाचतो आणि राणी रंग फिका, मोरपंखी निस्तेज दिसू लागतो. म्हणून छायाचित्रकारांना सांगा की, अंतिम फाइल एसआरजीबीमध्ये रूपांतरित करूनच द्यावी. एवढे झाल्यावर प्लगइनने बाकीची माहिती काढली, तरी चालेल. उलट ती काढलेलीच बरी, कारण फोनवरून घेतलेल्या छायाचित्रात विणकराच्या घराचे अक्षांश-रेखांशही असू शकतात.

उत्तर: सर्व्हरकडून

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, मात्र एव्हीआयएफच्या बाबतीत व्यवहाराची एक बाजू मांडतो. एव्हीआयएफ तयार करण्यासाठी प्रोसेसरवर जेपीईजी आणि वेबपीपेक्षा कितीतरी अधिक ताण येतो. तुम्ही साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेक संकेतस्थळांत वाटलेल्या सर्व्हरवर) असाल आणि प्लगइनला सर्व जुन्या छायाचित्रांचे एव्हीआयएफ करायला सांगितले, तर प्रत्येक छायाचित्राच्या पाच-सहा मापांतल्या प्रती धरून सर्व्हर तासन् तास अडकेल, मर्यादा ओलांडली म्हणून काम मध्येच थांबेल आणि काही छायाचित्रे अर्धवट राहतील. सरसकट रूपांतर सर्व्हरवर करू नका. आपल्या संगणकावर सर्व प्रती तयार करून चढवा, किंवा हे काम सीडीएनवर (ग्राहकाच्या जवळच्या सर्व्हरवरून फाइली पोचवणाऱ्या सेवेवर) सोपवा. वर्डप्रेसच्या ५.८ आवृत्तीपासून वेबपी आणि ६.५ पासून एव्हीआयएफ फाइल थेट चढवता येते. एव्हीआयएफसाठी सर्व्हरवरच्या इमेज लायब्ररीचाही त्याला आधार लागतो, तो आहे का, हे साइट हेल्थच्या पानावर दिसते.

ब्राउझरांची स्थिती आता चांगली आहे. क्रोममध्ये एव्हीआयएफ २०२० पासून, फायरफॉक्समध्ये २०२१ पासून आणि आयफोनवर आयओएस १६ पासून चालते. आयफोन ७ आयओएस १५ वरच थांबला, त्यामुळे त्यावर वेबपी दिसते, पण एव्हीआयएफ दिसत नाही. असे जुने फोन घरातल्या वडीलधाऱ्यांकडे अजून वापरात असतात आणि पैठणीची निवड पुष्कळदा त्यांच्याच हाती असते. म्हणून पिक्चर टॅगमध्ये आधी एव्हीआयएफ, मग वेबपी (जवळून घेतलेल्या छायाचित्रांसाठी ते वगळा) आणि शेवटी इमेज टॅगमध्ये जेपीईजी असा क्रम ठेवा. ब्राउझर त्यांतली सर्वांत लहान फाइल शोधत नाही. वरून वाचत जातो आणि समजणारा पहिला पर्याय घेतो.

काही प्लगइन पिक्चर टॅग न वापरता एकाच पत्त्यावरून ब्राउझर पाहून वेगवेगळा फॉरमॅट देतात. तसे असेल, तर सर्व्हरच्या उत्तरासोबत व्हॅरी अॅक्सेप्ट हे हेडर (ब्राउझरनुसार फाइल वेगळी असते, ही सूचना) जाते का आणि तुमची सीडीएन ते मानते का, हे दोन्ही पाहा. नाहीतर कॅशमध्ये साठलेले एव्हीआयएफ जुन्या फोनला दिले जाते आणि साडीच्या जागी रिकामी चौकट दिसते.

व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवल्यावर दिसणारे छायाचित्र, म्हणजे ओजी इमेज, मात्र जेपीईजीच ठेवा. तिथे ब्राउझर नसतो आणि तुमच्या व्यवसायात दुवे व्हॉट्सअॅपवरूनच फिरत असणार. जेपीईजी एक्सएलबद्दलही इथे विचारणा होत असते. फॉरमॅट गुणी आहे, सफारी १७ मध्ये तो चालतो, पण क्रोमने २०२३ मध्ये त्याचा प्रायोगिक आधार काढून टाकला होता आणि आजही तो सर्व ब्राउझरांत सरसकट चालत नाही. दुकानाच्या संकेतस्थळाने तूर्त त्याच्या मागे लागू नये.

पदरकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सीएसएसमध्ये लावलेल्या पहिल्या छायाचित्राचा मुद्दा आमच्या थीमला तंतोतंत लागू पडतो. दोन शंका उरल्या आहेत. ग्राहक छायाचित्रावर टिचकी मारून ते मोठे करून पाहतात आणि वीण पाहण्यासाठी ती सोय आम्हाला हवीच आहे. मग १०८० पिक्सेलमध्ये ते कसे साधायचे? आणि काही विणकर मागावरच्या साडीची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवर पाठवतात, ती वापरावीत का?

उत्तर: वेगमापक

मोठे करून पाहण्यासाठी वेगळी फाइल ठेवा. २५६० पिक्सेल रुंदीची प्रत पुरेशी आहे आणि ती ग्राहकाने टिचकी मारल्यावरच मागवली जावी. वूकॉमर्सच्या गॅलरीत ही सोय आहे. पान उघडतानाच मोठ्या प्रती उतरत नाहीत ना, हे ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क टॅबमध्ये पाहून खात्री करून घ्या. वीण पाहू इच्छिणारा ग्राहक दोन सेकंद आनंदाने थांबतो. यादी चाळणारा थांबत नाही.

बदल केल्यावर पेजस्पीडमधला वरचा भाग लगेच सुधारला नाही, तर घाबरून जाऊ नका. तो भाग खऱ्या ग्राहकांच्या मागील २८ दिवसांच्या भेटींवरून काढलेला असतो, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला तेवढा काळ जावा लागतो. खालची प्रयोगशाळेतली चाचणी लगेच बदल दाखवते.

उत्तर: कॅमेरा आणि कापड

व्हॉट्सअॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली फाइल लहान आणि पुन्हा संकुचित होऊन येते. तिचे आणखी एकदा एव्हीआयएफ केले, तर आधीचे दोष तसेच राहून नवे वाढतात. विणकरांना छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. आयफोनवरून आलेली फाइल एचईआयसी (आयफोनचा छायाचित्रांचा फॉरमॅट) असेल, तर ती तशीच चढवू नका, कारण सफारीखेरीज इतर प्रमुख ब्राउझर ती दाखवत नाहीत; आधी एसआरजीबीमधल्या जेपीईजीत रूपांतर करा. आणि छायाचित्रकारांकडून आलेल्या मूळ फाइली एका वेगळ्या हार्ड डिस्कवर साडीच्या क्रमांकानुसार जपून ठेवा. पुढे फॉरमॅट बदलायचा झाला, तर नव्या प्रती त्या मूळ फाइलींवरूनच काढाव्या लागतील. संकेतस्थळावरच्या प्रतींवरून नाही.